चमकी आणि नळी

नाकावर मास्क लावून झोपायला लागल्यापासून मी पुन्हा जागी राहायला लागले आहे. मशीन उशाशी असतं, जेवणाच्या डब्याएवढं. झोपेत माझा श्वास मधेच थांबतो, तो थांबू नये म्हणून ते हवा ढकलत राहतं. श्वास थांबत नाही हे खरं. पण नाक आतून असं कोरडं पडतं की सकाळी खपल्या निघतात, आणि मास्कची कड टेकते तिथलं कातडं हुळहुळतं. मशीन बसवून द्यायला आलेला मुलगा मोठा समजूतदार होता. झोपण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब सोडा म्हणाला. मशीनच्या भांड्यात उकळून गार केलेलं पाणी भरा म्हणाला. नाकाला तेल नको, तूप नको, म्हणाला. मी मान हलवत होते. मग त्याचं लक्ष माझ्या चमकीकडे गेलं. ही काढून ठेवलीत तर मास्क नीट बसेल आजी, असं त्याने हळूच सुचवलं.

बघू, म्हटलं. सून माझ्याकडे बघतच राहिली, कारण मला हसू आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही. त्या मुलाला काय सांगणार? या सगळ्या सूचना मी दुसऱ्यांना घोकून घोकून सांगत होते तेव्हा त्याचा बाप शाळेत जात असेल. तेव्हा नाक माझं नव्हतं, एवढंच.

माझं गाव मालवणकडचं, खाडीच्या अलीकडच्या बाजूचं. चौथीपर्यंतची शाळा अलीकडे होती आणि पुढची पलीकडे. मी रोज होडीतून जावं हे आईला पटलं नाही, म्हणून माझं शिक्षणही अलीकडेच संपलं. पुढे काही वर्षांनी सांगलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आयाचं काम करणारी माझी मावशी सुट्टीला आली आणि जाताना मला बरोबर घेऊन गेली. एस.टी. घाट चढत होती, मी खिडकीतून ओकत होते, आणि मावशी पाठ चोळत सांगत होती की तिकडे दोन्ही वेळा पोटभर जेवायला मिळतं. मिळालं. त्यासाठी मी आजही तिला मनातल्या मनात हात जोडते.

पण समुद्राचा आवाज नसलेल्या गावात मला झोप येईना. कान सारखे कशाची तरी वाट बघत राहायचे. कोणी भांडं ठेवलं तरी मी उठून बसायची. डॉक्टरांनी ते हेरलं. ही मुलगी झोपत नाही, असं ते कौतुकाने म्हणायचे, आणि ज्या पेशंटजवळ कोणीतरी जागं बसायला हवं त्याच्याजवळ मला बसवायचे. बाटल्या धुणं, पाणी उकळणं, सिलिंडरची चावी फिरवणं, बाटलीतले बुडबुडे बघणं, हे सगळं मी तिथे शिकले. माझी धास्ती हीच माझी लायकी ठरली. ती कधी कमी झाली तर मला परत पाठवतील, ही आणखी एक धास्ती.

तासगावजवळच्या एका गावात मला पाठवलं ते अशाच एका आजीसाठी. घर द्राक्षबागाईतदाराचं होतं. आजीचे यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मूळचे साताऱ्याकडचे, पण पेन्शनीत आल्यावर इकडे जमीन घेऊन बाग लावलेली. सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. मुलगा बागेच्या आणि ट्रकच्या मागे सतत बाहेर. घरात असायची ती त्याची बायको, तिला मी वहिनी म्हणायची.

आजीच्या दुखण्याला सगळे दमा म्हणत. डॉक्टर म्हणायचे, चुलीपुढे जन्म गेला त्याचा धूर छातीत बसलाय. पण खरी तऱ्हा झोपेत दिसायची. आजी घोरू लागली की कोणीतरी जात्यावर भरड काढतंय असं वाटायचं. ते चालू असेपर्यंत मला बरं वाटे. मग मधेच जातं थांबे. घर एकदम गप्प. मी तिच्या छातीकडे बघत राही, अंगावरची चादर हलत नसे, आणि माझाही श्वास तिथेच अडकलेला असे. मग एकदम गचका देऊन ती तोंड उघडी, हवा ओढी, आणि जातं पुन्हा सुरू. याला आज मोठं नाव आहे, माझ्या कागदांवरही ते लिहिलेलं आहे. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. घोरणारा माणूस म्हणजे निवांत झोपलेला माणूस, अशीच समजूत. आत्याबाईंना झोप लय गाढ लागती, असं वहिनी शेजारणीला अभिमानाने सांगायची. त्या गाढ झोपेतून उठताना आत्याबाईंचे ओठ जांभळासारखे झालेले असायचे आणि दुपारपर्यंत डोकं ठणकायचं.

म्हणून डॉक्टरांनी झोपताना ऑक्सिजन द्यायचं ठरवलं. दवाखान्यात आजी दोन-तीन दिवस होती. तिथे एका सिस्टरने साबणाचं पाणी लावून तिची चमकी काढायला घेतली, तशी आजी कॉटवरून उतरली आणि चपला शोधायला लागली. मरेन ती घरी मरेन, पण तिकडं पुन्हा जायची न्हाई, असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं. घरची ऐपत होती, तेव्हा सिलिंडरच घरी आणायचा ठरला, आणि सिलिंडरबरोबर मी.

आम्ही दोघंही द्राक्षाच्या रिकाम्या पेट्यांमधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलो. तो गोणपाटात गुंडाळलेला आणि मी त्याला धरून. बघायला निम्मी आळी जमली. कोणी म्हणालं गॅस आणलाय, मग च्या करा की. एकाने वर्कशॉपात काम केलेलं होतं, त्याने ओळखलं.

"ह्यो तर वेल्डिंगचा बाटला. हवालदार, म्हातारीला वेल्डिंग करून घेताय व्हय?"

"व्हय की," हवालदार म्हणाले. "तेवढं तोंड जोडून घेतो म्हनलं."

आतून आजीचा आवाज आला, "आदुगर तुमचं जोडा."

त्या दोघांचा संसार असाच चालायचा.

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं वहिनीपुढे म्हणून दाखवलं. सिलिंडरजवळ चूल नको, दिवा नको, विडी नको. हाताला तेल असेल तर चावीला हात नको. नाकाला तूप नको, चेहऱ्यालाही नको. तेलकट वस्तू आणि हा वायू एकत्र आले तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. आजीची कॉट माजघरातून बाहेर सोप्यात आणली, देवाचा दिवा आतच राहिला. हवालदारांना विडी ओढायला गोठ्यापलीकडे जावं लागायचं. जाताना ते मोठ्याने म्हणायचे की फौजेत कर्नलनंसुदिक मला कवा बाहीर काडलं न्हाई, ती ही कोकणी काडती. मी घाबरून जायची. त्यांचा राग खोटा असतो हे कळायला मला बरेच दिवस लागले. माझ्या बोलण्यातला 'गो' सगळ्यांनी उचलला होता. वहिनी भाकरी वाढताना म्हणायची, "घे गो." आणि आजी मला कोकणी म्हणायची, नावाने कधीच नाही.

ऑक्सिजनची नळी लाल रबराची, बारीक. एका नाकपुडीतून आत सरकवायची आणि गालावर चिकटपट्टीने बसवायची. दुसरं टोक पाण्याच्या बाटलीला. वायू त्या पाण्यातून बुडबुडत यायचा, म्हणजे जरा ओला होऊन यायचा. तरीही तो कोरडाच. नळी असली तरी आजीचा श्वास मधेच थांबणं काही बंद होत नव्हतं, पण ओठ काळे पडत नव्हते. सकाळी उठून ती स्वतः चहा मागायची. म्हणजे गुण येत होता. फक्त नळी नाकात राहायला हवी होती.

ती राहत नव्हती. खरं म्हणजे नळी आज उजवीकडून तर उद्या डावीकडून घालायची असते, म्हणजे नाकाला विसावा मिळतो. पण आजीची उजवी नाकपुडी आतून बंद होती. तरुणपणी धार काढताना म्हशीने मान झटकली आणि शिंग नाकावर बसलं. वरून बघितलं तर नाक सरळ, आतली वाट मोडलेली. राहिली डावी. आणि डाव्या नाकपुडीत होती चमकी. बाहेरून सुरेख, बारीक लाल खड्यांचं फूल. पण तिचा दांडा आतल्या बाजूला, आणि दांड्यावर घट्ट बसलेली फिरकी. नळी नेमकी त्या फिरकीला खेटून जायची. आजीने कूस बदलली की एका बाजूने रबर आणि दुसऱ्या बाजूने सोनं, आणि मधे नाकाचं कोवळं मांस. आठवड्याभरात तिथे जखम झाली. सकाळी नळी काढताना रक्ताची खपली बरोबर यायची.

झोपेतच तिचा हात नाकाकडे जाई. "बेडा, बेडा," असं पुटपुटत ती नळी ओढून फेकून देई. मी परत घाली, ती परत काढी. वहिनीला विचारलं तेव्हा कळलं की ही तिच्या माहेरची भाषा. माहेर जतच्याही पलीकडचं, कानडी मुलखातलं. बेडा म्हणजे नको. जागेपणी ती एरवी कानडी बोलत नसे.

मी मिठाचं पाणी उकळून गार करायची आणि कापसाच्या वातीने थेंब थेंब सोडायची. त्याने खपल्या भिजायच्या, तिला घटकाभर बरं वाटायचं. बाटलीतलं पाणी कोमट ठेवून बघितलं. चिकटपट्टी गालावर तिरकी लावून बघितली, म्हणजे नळी जरा बाहेरच्या अंगाला ओढली जाईल. त्याने गाल सोलवटला. आजी म्हणाली, "नाकाचं झालं, आता गालाचं सुरू कर." मी सॉरी म्हटलं. तेवढं इंग्रजी मला दवाखान्यात आलं होतं. ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली, आणि मी पुन्हा घाबरले.

एकदा दुपारी मी बाटली धुवायला मागच्या दारी गेले होते. परत आले तर वहिनी कॉटवर बसलेली, हातात कोमट तुपाची वाटी, आणि आजीचं नाक आतून-बाहेरून चकाकत होतं. वहिनीच्या चेहऱ्यावर एवढी माया होती की मी दारातच थबकले. तिने उजव्या हाताने तूप लावलं होतं आणि त्याच हाताने आता ती नळी उचलत होती. मी धावत जाऊन आधी सिलिंडरची चावी बंद केली. मग तिच्या हातातून नळी घेतली.

"घरच्या म्हशीचं तूप हाय," ती म्हणाली. "इख न्हवं."

मला समजावून सांगता येईना. गरम पाणी आणि साबणाच्या फडक्याने मी आजीचं नाक, गाल, हनुवटी पुसून काढली. जखमेला साबण झोंबला आणि आजीने मला कानडीत काहीतरी सुनावलं. वहिनी आत निघून गेली. संध्याकाळी हवालदार बागेतून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की फौजेच्या वर्कशॉपातसुद्धा असल्या बाटल्यांना तेलाचा हात लावू देत नव्हते, पोरगी बरोबर सांगते. जेवताना वहिनीने माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "खा, हे तरी चालतं न्हवं?" मला रडू आलं. लोणी खाल्लं आणि साबणाने हात कोपरापर्यंत धुतले.

त्यानंतर डॉक्टर तपासायला आले. बॅटरी लावून त्यांनी नाकात बघितलं, बराच वेळ बघितलं. जखम वाढली होती. ओरडले वगैरे नाहीत, शांतपणे सांगितलं की चमकी काढल्याशिवाय ही भरणार नाही. भरली नाही तर नळी राहणार नाही. आणि नळी राहणार नसेल तर घरी ठेवण्यात अर्थ नाही, छातीवर आणि हृदयावर ताण येतोय. गुरुवारी गाडी पाठवतो, तोवर चमकी निघाली तर ठीक, नाहीतर दवाखान्यात यायचं.

आजी छताकडे बघत पडून राहिली. मी गेटपर्यंत डॉक्टरांची बॅग घेऊन गेले, आणि परत येताना मला घाट दिसायला लागला. आजी दवाखान्यात गेली की माझं इथलं काम संपलं. दवाखान्यात तिला बघायला सिस्टर होत्या. पण हेही सांगायला हवं की त्यापेक्षा मोठी भीती दुसरी होती. ही बाई चपला शोधायला लागली होती, ती खरोखर चालत सुटेल आणि वाटेत कुठेतरी जातं थांबेल, ते पुन्हा सुरू होणार नाही.

हवालदार कॉटच्या पायथ्याशी बसले. थोडा वेळ त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली.

"काड की गं ती. मी हाय न्हवं अजून जिता? चमकी काडली म्हनून काय मी मरतो व्हय?"

"तुमचा काय संबंध?" आजी छताकडे बघतच म्हणाली. "तुमी जगा न्हाईतर मरा. चमकी माझी हाय."

हवालदार हसायला लागले आणि मधेच थांबले. त्यांना वाटलं होतं, आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं, की बायको आपल्यासाठी हट्ट करते आहे. अहेवपणाचं लेणं, ते कसं उतरवायचं. वहिनीने तर शेजारणींना तसंच सांगितलंही होतं. आणि म्हातारी म्हणत होती, तुमचा काय संबंध.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात ऊन आलं होतं. आजीला उशांना टेकवून बसवलं होतं आणि मी नाकात मिठाचं पाणी सोडत होते. हवालदार उंबऱ्याजवळ खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होते. ऊन तिरपं पडलं होतं म्हणून असेल, आजीच्या नाकाच्या उजव्या पाळीवर मला एक बारीक खळगा दिसला. देवीचा व्रण असावा तसा, पण एकच आणि अगदी गोल.

"आजी, इथे काय झालं होतं?"

मी पुढचा थेंब सोडला. मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, धाप लागेल तिथे थांबत.

तिच्या माहेरी मुलींचं नाक दोन्ही बाजूंनी टोचायचे. तिच्या आईने तिला जोडीच्या दोन चमक्या करून घातल्या होत्या, एकसारख्या. लग्न होऊन ती साताऱ्याकडे आली तेव्हा सासूने हे काय कानडी ध्यान म्हणून सगळ्या बायकांत हसून घेतलं. आमच्यात एकच घालतात, डावीकडे. उजवी काढून घेतली. देते म्हणाली, मग ती कुणाच्यातरी अंगठीत गेली. आजीचे आई-वडील त्याच साली गेले. माहेरचं म्हणून अंगावर राहिली ती डावी.

"हे फौजेत हुते," ती म्हणाली. "कुनाला सांगायचं? एक गेली ती गेली. ही न्हाई काडायची. काडलेलं परत येत न्हाई."

हवालदारांचा वस्तरा थांबला होता. एका गालावर साबण तसाच.

"मला कवा बोलली न्हाईस."

"तुमी कवा इचारलं?"

हवालदारांनी पंच्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले.

"कोकणी, उजवीकडनं नळी जात न्हाई म्हनतीस?"

"नाही जात. आतून बंद आहे."

"मग तिकडं चमकी जाईल की."

अर्धी दाढी तशीच ठेवून ते सायकल काढून गेले. तासगावातून सोनाराला घेऊनच परत आले. तो स्वतःच्या सायकलवर, कॅरिअरला लाकडी पेटी बांधलेली, घामाने निथळलेला. एवढ्या वयाच्या बाईचं नाक टोचायला कधी कोणी बोलावलं नव्हतं, असं तो म्हणाला. त्याने आजीच्या नाकाच्या पाळीला अंगठा लावून बघितला. "भोक बुजलंय. पन वाट हाय."

आजी दुपारची नळी लावून पडली होती. मी सिलिंडर बंद केला, नळी काढली, आणि वहिनीच्या मदतीने सिलिंडर पार टोकाच्या कोपऱ्यात नेला. सोनाराने पेटी उघडली. सोन्याची तार, चिमटा, आणि तेलाची बारीक कुपी.

"तेल नको," मी म्हटलं.

"तेलाबिगर? मी काय दाभण घेऊन आलोय पोती शिवायला?"

मी त्याला सांगायला लागले, पण शब्द एकमेकांत अडकले. वायू, पेट, नाक. त्याला वाटलं ही मुलगी वेडी आहे. तेव्हा हवालदार म्हणाले, "सोनारबुवा, तिचं ऐका. हितं तिचा हुकूम चालतो. आमी बी विड्या गोठ्यापल्याड ओडतो."

शेवटी वहिनीने हळद उकळत्या पाण्यात कालवून आणली. सोनार तोंड वाकडं करून कामाला लागला.

डावी चमकी निघता निघेना. फिरकी वर्षानुवर्षांच्या मळाने आणि रक्ताच्या खपलीने चिकटलेली. मी कोमट मिठाचं पाणी लावत होते, तो चिमट्याने फिरवत होता, आणि आजीला नळीशिवाय बराच वेळ झाला होता. तिने माझं मनगट पकडलेलं. मी तिचे ओठ बघत होते. त्यांचा रंग उतरत होता, की मलाच तसं वाटत होतं? थांबूया का, असं मी दोनदा विचारलं. सोनार म्हणाला, बाई, उजेडात येऊ नका. आजी म्हणाली, "गप."

मग फिरकी सुटली. चमकी बाहेर आली, आणि सोनाराने ती पुसून आजीच्या तळहातावर ठेवली. आजीने मूठ मिटली. नाकावर दोन्हीकडे काहीच नव्हतं. एवढासा दागिना, पण तो नसताना तिचा चेहरा कोणा दुसऱ्याच बाईचा वाटला, लहान झालेला. सोनार तार घेऊन तयार होता. त्याने हात पुढे केला. मूठ उघडेना.

"दे," हवालदार म्हणाले. आवाज अगदी हळू.

आजीने त्यांच्याकडे बघितलं. सोनाराकडे नाही, त्यांच्याकडे.

"परत घालनार न्हवं?"

"हितंच बसलोय मी. घातल्याबिगर त्याला उटू देनार न्हाई."

मूठ उघडली. तार जाताना तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. माझ्या मनगटावर तिची नखं उमटली. चमकी उजव्या पाळीवर बसली तेव्हा वहिनीने आरसा पुढे धरला, तोच उंबऱ्याजवळचा. आजीने बघितलं आणि तोंड फिरवलं. मी सिलिंडर ओढत आणला, चावी फिरवली, आणि डाव्या नाकपुडीतून नळी सरकवली. ती कुठेही अडली नाही. बाटलीत बुडबुडे सुरू झाले.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. संध्याकाळपर्यंत उजवी बाजू लिंबाएवढी सुजली, आणि आजीने आम्हाला दोन्ही भाषांत शिव्या घातल्या. सोनाराला, हवालदारांना, मला, मेलेल्या सासूलाही. मी हळदीच्या पाण्याचे शेक देत राहिले आणि मनात गुरुवार मोजत राहिले. आता हीही बाजू चिघळली तर? गुरुवारी गाडी आली, डॉक्टरही आले. बॅटरी लावून डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. जखम सुकायला लागली होती. चमकी दुसरीकडे घालता येईल हे त्यांच्याही मनात आलं नव्हतं, असं ते हसत म्हणाले, आणि उजवीकडची सूज बघायला परवा परत येतो म्हणाले. गाडी आजीऐवजी द्राक्षांची पेटी घेऊन परत गेली.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर आजी झोपली. मी कॉटशेजारी सारवलेल्या जमिनीवर बसले होते, नेहमीसारखी. जातं सुरू झालं. मग थांबलं. मी मान वर केली. गचका बसला आणि ते पुन्हा सुरू झालं, ओठांचा रंग तसाच. तेवढ्यात तिचा हात उठला आणि नाकाकडे जायला लागला. मी नळी सावरायला अर्धी उठले. हात नळीवरून पुढे गेला, उजव्या पाळीपाशी थांबला, एका बोटाने चमकी चाचपली, आणि परत छातीवर येऊन पडला.

मी खाली बसले. भिंतीला डोकं टेकवलं. बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, तो सुरू होत नव्हता. बाटलीतले बुडबुडे ऐकताना मला खाडीतल्या होडीखालचं पाणी आठवलं, एवढंच मला सांगता येईल, कारण त्यापुढचं मला माहीत नाही.

कोणीतरी माझा खांदा हलवत होतं. आत वहिनी देवापुढे दिवा लावत होती. मी दचकून उठले, पहिल्यांदा सिलिंडरकडे बघितलं, मग कॉटकडे. आजी कुशीवर वळून, नळीसकट, माझ्यावर वाकली होती.

"काय गं कोकणी," ती म्हणाली. "केवडी घोरतीस."